मोहरमला बिदरकडे येणार असाल तर

उन्हाळा सरत आला की पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीतून मला फोन यायला लागतात. कुणीतरी मोबाइलवर पिवळेधमक अंग रंगवून हलगीवर नाचणारे वाघ पाहिलेले असतात आणि मग विचारणा होते, 'तुमच्याकडचा तो वाघांचा कार्निव्हल कधी असतो हो?' आमचं घर भालकी तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कानडी आणि मोहल्ल्यात शिरलं की दखनी, त्यामुळे हौशी पाहुण्यांना मी सोयीचा पडतो. आजवर बऱ्याच जणांना फिरवलं. काहींना ते दिवस अजून आठवतात, काहींचा विरस झाला, आणि एका टोळक्याला तर मीच हाताला धरून गल्लीबाहेर काढलं. येणाऱ्यांनी निदान काही गोष्टी आधी जाणून याव्यात, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

हा कार्निव्हल नाही, मोहरम आहे. इसवी सन 680 मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले, त्याचा हा शोक. आता शोकात वाघ कसा नाचतो, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतोच. आमच्या भागात पीर बसतात तेव्हा गाव नवस बोलतं. मूल होऊ दे, पोराचं दुखणं जाऊ दे, बैल वाचू दे. नवस फेडायच्या रीती ठरलेल्या. कुणी फकीर होतो, म्हणजे गळ्यात-दंडात रंगीत लाडी बांधून घरोघरी भिक्षा मागतो. कुणी सवारी धरतो, म्हणजे पिराचा पंजा हाती घेऊन निघतो. कुणी पोराला वाघ करतो. नवस बोलणाऱ्यात लिंगायत आहेत, मराठे आहेत, धनगर आहेत. काही गावांत मुसलमानाचं एकही घर उरलेलं नाही, तरी पीर बसतातच. पिरांचे पंजे वर्षभर पेटीत असतात आणि मोहरमचा चंद्र दिसला की बाहेर निघतात.

वाघ रंगवताना पाहायला मिळाला तर चुकवू नका, पण बोलावणं असेल तरच अंगणात शिरा. आमच्या शेजारगावात सात-आठ वर्षांच्या एका पोराला रंगवत होते. उघडं अंग, लंगोट, हात ताणून पाटावर उभा. आधी पिवळा हात फिरला, तो वाळेपर्यंत पोराला बसायची मुभा नाही. मग काळे पट्टे, पोटावर पांढरा, शेवटी मिशा. मिशा काढताना त्याला हसू आवरेना आणि रंगारी त्याच्या हनुवटीला धरून 'हलू नको रे' म्हणून दटावत होता. मागे कापडाची शेपूट बांधली. ती सांभाळायला एक चुलत भाऊ नेमलेला. हे सगळं होईपर्यंत आजी कोपऱ्यात ऊद घालत बसली होती.

माझ्याबरोबर पुण्याचे एक गृहस्थ होते, चांगले शिकलेले, हातात भारी कॅमेरा. त्यांनी पन्नासाची नोट काढून पोरापुढे धरली आणि म्हणाले, 'जरा डरकाळी फोड बघू.' आजी उठली.

'बापू, ते नवसाचं हाय. तमाशातलं सोंग नव्हं. पैसं खिशात ठेवा.'

गृहस्थ ओशाळले. पण नोट परत खिशात घालायची की काय करायचं हे त्यांना कळेना, म्हणून ती त्यांनी पाटावरच ठेवली. ते आणखी वाईट झालं. आजीनं ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हा द्यायचंच असेल तर पिरापुढे द्या, फातेहा झाल्यावर. पोराच्या हातात नको. फोटो काढायचा तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बहुतेक जण 'हौ, काढा की' म्हणतात. न विचारता काढलात तर तोच माणूस कॅमेऱ्यावर हात ठेवतो.

ज्या टोळक्याला मी बाहेर काढलं, त्यांची गोष्ट वेगळी. क्रिकेटच्या सामन्याला जातात तशी ही मुलं गालांवर वाघाचे पट्टे ओढून आली होती. कौतुकानंच आली होती, मनात खोट काहीच नव्हती. पण गल्लीतल्या एका तरुणानं सरळपणे विचारलं, 'तुमचा नवस कशाचा, भाई?' उत्तर नव्हतं. बघता बघता भोवती घोळका जमला, कुणीतरी आवाज चढवला. मी दखनीत दोन शब्द बोलून, हात जोडून त्यांना नळावर नेलं आणि तोंडं धुवायला लावली. तुम्ही साधे कपडे घालून या. दहाव्या दिवशी भडक रंग टाळा.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर आलाव्याचंही सांगतो. पीर बसतात त्या जागेसमोर खड्डा खणून त्यात लाकडं पेटवतात, तो आलावा. रात्री त्याच्याभोवती फेर धरून नाचतात, रिवायती, म्हणजे करबलाची कानडी गाणी, म्हणतात, आणि सवारी अंगात आलेला माणूस निखाऱ्यांपर्यंत धावत येतो. त्या वेळी गर्दी एकदम मागे रेटते. नायलॉनची ओढणी, सिंथेटिक साडी, लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा यातलं काही नको. सुती कपडे, आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभं राहायचं. भिंतीला टेकलात तर रेटारेटीत चेंगरायची भीती. चप्पल गाडीतच ठेवा, आलाव्याजवळ काढलेली सापडत नाही. मातम करणारा जुलूस येणार असेल तर लहान मुलांना आणू नका आणि मोबाइल खिशात ठेवा. रक्त पाहून भोवळ येणारे भले भले मी पाहिले आहेत.

आता तारीख. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. हिजरी वर्ष चंद्राचं, त्यामुळे मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दहावा दिवस 2024 मध्ये 17 जुलैला होता, 2025 मध्ये 6 जुलैला. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख हा अंदाज असतो. चंद्र एक दिवस उशिरा दिसला की सगळंच एक दिवस पुढे. माझ्या मुंबईच्या एका मेहुण्यानं चार महिने आधी तिकीट काढलं, चंद्र हुकला, आणि कत्तलची रात त्यानं परतीच्या गाडीत घोरत काढली. खरी रात तीच असते, नववीची. सगळ्या सवाऱ्या निघतात, एकमेकींना भेटतात, पहाटेपर्यंत कुणी झोपत नाही. म्हणून पहिल्या चंद्राची बातमी येईपर्यंत तिकीट पक्कं करू नका, आणि केलंच तर मागेपुढे एकेक दिवस मोकळा ठेवा. लॉजवाल्याला आधी फोन करून खोली आहे का एवढंच नव्हे, रात्री तीनला दार उघडणार का, हेही विचारा.

शहर की खेडं? माझा कल खेड्याकडे आहे. बिदर शहरात जुन्या गावाच्या गल्ल्या अरुंद, चौबाऱ्यापासून पुढे गाडी नेण्याचा विचारही करू नका. चौबारा म्हणजे गावाच्या मधोमध उभा असलेला 71 फूट उंचीचा गोल बुरूज. चुकलो तर चौबाऱ्याखाली भेटू, असं प्रत्येकजण ठरवतो, आणि त्यामुळे तिथे कुणीच कुणाला सापडत नाही. त्यापेक्षा किल्ल्याच्या रस्त्यावर महमूद गावानच्या मदरशाची जागा ठरवा. 1472 ची ती इमारत. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटानं निम्मी उडाली, पण उरलेल्या मनोऱ्याच्या निळ्या फरशा लांबूनही ओळखू येतात. दिवसा वेळ मिळेल तेव्हा किल्ला पाहून घ्या. रंगीन महालाला बहुधा कुलूप असतं, तिथल्या कर्मचाऱ्याला विनंती करावी लागते. शिंपल्याची ती जडणघडण पाहण्यासाठी तेवढं आर्जव करायला हरकत नाही. पावसाचे दिवस असतात आणि आमची माती लाल, जांभ्याची. पांढरा पायजमा एका दिवसात कामातून जातो.

खेड्यात जायचं तर आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या तालुक्यांत कुणी ओळखीचं गाठा. ओळख नसेल तर दुपारीच जाऊन गावातल्या जाणत्यांना भेटा, चहा घ्या, चोंगे पुढे आले तर नाही म्हणू नका. गव्हाच्या पिठाची ही गुळाची पोळी नक्षीच्या लाकडी साच्यावर थापतात. एकदा घरात खाल्लंत की रात्री तुम्हाला कुणी परकं समजत नाही. मात्र 'हा सण हिंदूंचा की मुसलमानांचा?' असं कृपया विचारू नका. आणि त्याच्या उलट एकोप्यावर भाषणही ठोकू नका. या चालीरीतींवर नाराज असणारे दोन्हीकडे आहेत, काही गावांत पीर बसवणं त्यापायीच थांबलं. गाववाले ते जाणतात. पाहुण्याच्या तोंडून एकोप्याचा गौरव ऐकण्यात त्यांना रस नसतो.

ज्यांना हे सारं जड वाटेल, ज्यांना लेकराबाळांसह मोकळेपणानं जत्राच करायची आहे, त्यांना मी होळीनंतर यायला सांगतो. बिदरपासून तीनेक किलोमीटरवर अष्टूरला बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आणणारा अहमदशहा 1436 मध्ये वारला. मुसलमान त्याला वली मानतात, लिंगायत अल्लमप्रभूंचा अवतार म्हणतात. त्याचा उरूस हिजरी नव्हे तर आपल्या पंचांगाप्रमाणे भरतो, म्हणून तिथे तारखेचा घोळ नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचा जंगम मुसलमानी धाटणीचा पेहराव करून, शेकडो भक्तांसह येतो. शंख वाजतात, नारळ फुटतात आणि फातेहाही होते. वेषांतर पाहायचं म्हणून आलेल्याला हे वेषांतर पुरून उरेल. कबरीच्या आतली रंगीत कलाकुसर अंधारात असते, विजेरी जवळ असू द्या. शेजारचीच हुमायूनची कबर वीज पडून उभी चिरलेली आहे, मुलं तिच्यापुढून हलत नाहीत.

अडचण एवढीच की त्याच सुमारास, होळीनंतरच्या पंचमीला, कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचा रथ निघतो. बिदर-कलबुर्गी रेल्वे 2017 मध्ये सुरू झाली, अंतर 110 किलोमीटर, आणि त्यामुळे पाहुण्यांना दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा मोह होतो. रथाच्या संध्याकाळी कलबुर्गीत स्टेशनापासून मंदिराकडे पायीसुद्धा सरकता येत नाही. रथ पाहायचा तर मुक्काम कलबुर्गीतच करा आणि अष्टूर दुसऱ्या दिवशी ठेवा, उरूस काही एका दिवसात उठत नाही.

मोहरमला आलात तर दहाव्या दिवशी संध्याकाळची गाडी धरू नका. पीर पाण्यावर नेतात तेव्हा रस्ते अडतात, रिक्षावाले घरी जातात, आणि रंग उतरवायला बसलेले वाघ भेटायचे तेही त्यानंतरच. रॉकेलच्या फडक्यानं पाठ पुसून घेत असतात, चहा मागवलेला असतो. त्या वेळी मात्र खुशाल गप्पा मारा आणि हवे तेवढे फोटो काढा, कुणी नाही म्हणत नाही.