ड्रामा थेरपिस्ट व्हायचंय ना? मग ऐक

एकांकिकेत बक्षीस मिळालं आणि लगेच विचारलंस, "ताई, मी ड्रामा थेरपिस्ट होऊ का?" हो म्हणून मोकळी झाले असते, पण धाकट्या बहिणीला गोड बोलून वाटेला लावणं मला जमायचं नाही.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडे गल्लीगणिक एक नट निघतो. कुपवाडला राहून भावे नाट्यमंदिरातली नाटकं बघत तू मोठी झालीस. म्हणूनच सांगते, नाटक येणं हा यातला सोपा भाग. थेरपीत प्रेक्षक नसतो. टाळी नाही, परीक्षक नाहीत, आणि मुख्य भूमिका तुझी नसते, समोरच्या माणसाची असते. हे सोसत नसेल तर सरळ नाटकच करावं. त्यात कमीपणा काय?

आपल्या पुराचंच घे. समज, 2019 चं पाणी घरात शिरलेलं पाहिलेला एक मुलगा तेव्हा तुझ्यासमोर बसलाय. हौशी माणूस म्हणेल, "चल, पुरात काय झालं ते करून दाखव." मूल एक तर गप्प होईल, नाहीतर पुन्हा त्या पाण्यात जाईल आणि त्याला बाहेर कसं काढायचं हे कुणालाच ठाऊक नसेल. शिकलेली बाई तसं करत नाही. ती जमिनीवर निळी चादर अंथरते आणि विचारते, "छपरावर अडकलेलं कुत्रं कोण होणार?" मुलगा कुत्रं होतो, भुंकतो, होडी बोलावतो. भीती आता कुत्र्याला वाटतेय, त्याला नाही, म्हणून ती बोलता येते. शेवटी बाई चादरीची घडी त्याच्याच हातून घालून घेते. त्याचं खरं नाव, शाळा, इयत्ता विचारते. "आता तू कुत्रं नाहीस" हे त्याच्याच तोंडून वदवून घेते. ही शेवटची पाच मिनिटं गाळली तर पोर ती भीती अंगावर घेऊन घरी जाईल. आपल्या तालमीत मेकअप पुसायला शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

आता शिक्षणाचं बोलू. ब्रिटनमध्ये 'ड्रामाथेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखून ठेवलंय. मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचं काम आणि शिकताना स्वतःही थेरपी घेणं, एवढं करून एचसीपीसी या संस्थेत नोंदणी झाली तरच ते लावता येतं. अमेरिकेत या लोकांची संघटना 1979 पासून आहे. आपल्याकडे या नावाचा वेगळा परवानाच नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात कला आणि नृत्य थेरपिस्ट आलेत, नाट्याचा मात्र वेगळा उल्लेख नाही. तुला यात सोय दिसेल, मला धोका दिसतो. उद्या कुणीही पाटी लावून बसेल.

म्हणून पाया मानसशास्त्राचाच घाल. बी.ए., मग समुपदेशन किंवा क्लिनिकल विषय घेऊन एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागतेच. नाटक सोडू नकोस. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. डॉ. मोहन आगाशे बघ. मानसोपचाराचे माजी प्राध्यापक आणि 'घाशीराम कोतवाल'मधले नानाही. जर्मनीतलं ग्रिप्स नाटक त्यांनी 1986 पासून पुण्यात रुजवलं, पण ग्रिप्स हे मुलांसाठीचं नाटक आहे, उपचार नव्हे. दोन्ही पायऱ्या ज्याने चढल्यात, त्याला हा फरक कळतो. (आईने विचारलं तर 'सायकॉलॉजी करतेय' एवढंच सांग. खोटं नाही ते, आणि नातेवाइकांनाही समजतं.)

परदेशी पदवीसाठी बाबांना प्लॉट विकायला लावू नकोस, निदान आत्ता तरी नको. आधी विशेष मुलांच्या शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात समुपदेशकाच्या हाताखाली दोनेक वर्षं काढ. नोकरी समुपदेशक म्हणूनच मिळेल, नाटक हे तुझ्या हातातलं साधन राहील. आणि स्वतः थेरपिस्टसमोर बसून बघ. आपलं रडं आधी ओळखीचं झालं नाही, तर दुसऱ्याच्या रडण्यात आपलंच मिसळतं.

राहिल्या वीकेंडच्या कार्यशाळा. जरूर कर, खेळ आणि तंत्रं शिकायला मिळतात. पण तिथलं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे. फी भरण्याआधी एवढं विचार: शिकवणाऱ्याचं स्वतःचं शिक्षण कुठलं? माझ्या सेशनवर देखरेख कोण ठेवणार? कुणी मध्येच कोसळलं तर पाठवायचं कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे? नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर पैसे पर्समध्ये परत ठेव आणि मला फोन कर.