सांडेल, पण शिकेल : एक ते तीन वर्षांच्या बाळासाठी अभ्यासपाठ



मागच्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर मी एका घरी गेले होते. वीस महिन्यांचा मुलगा आजीच्या मांडीवर बसला होता. ताटलीत उडदाच्या वरणात कुस्करलेली नागलीची भाकर होती. मुलगा ताटलीकडे हात नेई. आजी तो हात धरून बाजूला करी आणि घास तोंडात घाली. चार घासांनंतर त्याने तोंड घट्ट मिटले. त्याच्या दंडाला पट्टी लावली, तर माप १२.१ सेंटिमीटर भरले. ११.५ ते १२.५ च्या मध्ये माप आले तर मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली आले तर तीव्र कुपोषण समजतात.

मी लगेच म्हणाले, "आजी, त्याला त्याच्या हाताने खाऊ द्या."

"सांडतो ना, ताई. नागली काय फुकट येते?"

मला उत्तर सुचले नाही. 'मुलाला स्वावलंबी करा' हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पण ज्या घरात पीठ मोजून काढतात तिथे ते कसे करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. ईशज्ञानाच्या पदविकेत तर नाहीच नाही. आजीचे म्हणणे खरे होते आणि मुलाची गरजही खरी होती. दोन्हींचा मेळ कसा घालावा, यासाठी हा पाठ.

१. या वयात काय घडते?

बहुतेक मुले दीड वर्षाच्या आत आधाराशिवाय चालू लागतात. वर्षाच्या सुमारास चिमटीत दाणा धरता येतो आणि एखाददुसरा शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत 'आई पाणी' असे दोन शब्द जोडता येतात. याच काळात 'नाही' आणि 'मी' हे शब्द घरभर ऐकू येतात. आपण त्याला हट्ट म्हणतो. खरे तर आपण आईहून वेगळे आहोत, आपल्यालाही काही करता येते, हे बाळाला नुकतेच कळलेले असते. प्रत्येक वेळी हात बाजूला केला, तर बाळ प्रयत्न सोडते किंवा तोंड मिटते.

२. जेवण : एक घास तुमचा, एक घास त्याचा

एक ते दोन वर्षांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काही खायला द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

• बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्ले ते कळते.
• वाटीत एका वेळी दोन-तीन घासच वाढा. थोडे असेल तर थोडेच सांडेल.
• खाली धुतलेले पळसाचे पान पसरा. पानावर पडलेला घास उचलून पुन्हा वाटीत घालता येतो.
• एक घास तुम्ही भरवा, एक त्याला घेऊ द्या. पोटही भरते आणि हातही शिकतो.
• अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत अंडी किंवा केळी मिळतात, ती त्याच बाळाच्या पोटात जाऊ द्या.

३. घरकामात छोटा हात

आपल्या पाड्यांवर अंगण मोकळे असते, मोठी भावंडे असतात. ही मोठी जमेची बाजू आहे. कोंबड्यांना दाणे टाकणे, रिकामा पेला आणून देणे, सदऱ्यात स्वतः हात घालणे, ही कामे दोन वर्षांचे मूल आनंदाने करते. वेळ लागतो, लागू द्या. 'हे घालू की ते?' असे दोनच पर्याय विचारा.

मात्र मोकळीक म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पेटती चूल, पाण्याने भरलेली बादली, उघडी विहीर, शेंगदाणे आणि चिंचोके यांपासून बाळाला जपा. सहा-सात वर्षांच्या बहिणीवर त्याचा सगळा भार टाकू नका. तीही मूलच आहे.

४. बोलणे घरच्या भाषेत

काही पालक मला विचारतात, "वारली बोललो तर मुलगा शाळेत मागे पडेल का?" नाही. ज्या भाषेत आई हसते, रागावते, गाते, त्या भाषेत बाळ लवकर बोलते. पक्षी, झाड, भाकर, जे दिसेल त्याचे नाव सांगा आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा. दोन वर्षांखालील बाळाच्या हाती मोबाईल देऊ नका.

५. केव्हा वाट पाहू नये?

दीड वर्ष झाले तरी चालत नाही, दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, किंवा येत असलेली गोष्ट करेनासे झाले, तर अंगणवाडीसेविका किंवा आशाताईंना लगेच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. पण तोवर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कामासाठी स्थलांतर करताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवा आणि नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत बाळाचे नाव सांगा.

दिवाळीनंतर मी त्या घरी पुन्हा गेले. पट्टीवर १२.७ आले. हे केवळ हाताने खाल्ल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही; अंडी नियमित मिळत होती आणि नवा भातही घरात आला होता. पण मुलगा पानापुढे बसून स्वतः जेवत होता आणि आजी शेजारी बसून सांडलेले वेचत होती.

चार दिवसांनी त्याचे आईवडील त्याला घेऊन वीटभट्टीवर जाणार होते. तिथे त्याच्याजवळ बसायला आजी नसणार, ही काळजी मला होती आणि तिलाही होती. तिने सुनेला सगळे समजावून सांगितले होते. बांधलेल्या गाठोड्यात अगदी वर, पटकन हाताला येईल अशी, तिने त्याची वाटी ठेवली होती.

या तिमाहीचा अभ्यास : आपल्या पाड्यावरील एका घरी बाळाच्या जेवणाच्या वेळी अर्धा तास बसा. आधी फक्त पाहा. सल्ला देण्यापूर्वी आजीचे म्हणणे ऐका. मग वाटी, पान आणि एकाआड एक घास ही रीत त्यांच्याबरोबर करून पाहा आणि पुढच्या बैठकीत आपला अनुभव सांगा.