वेग दुप्पट, अंतर चौपट

गळिताचा हंगाम सुरू झाला की पुणतांबा परिसरातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. त्यांच्या शेजारून अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुलेही स्कूटर दामटताना दिसतात. ‘मला गाडी येते, मग वयाची अट कशाला?’ असे ती विचारतात. याचे उत्तर आपण गणित मांडून शोधू.

गाडी थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत गाडी त्याच वेगाने धावते. हा काळ १ सेकंद धरू. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते आणि ती सारी घर्षणाने खर्च व्हावी लागते. कोरड्या रस्त्यावर ऋण त्वरण दर सेकंदाला सेकंदास ६ मीटर मानले, तर—

ताशी ३० कि.मी.: ८.३ + ५.८ = सुमारे १४ मीटर
ताशी ६० कि.मी.: १६.७ + २३.१ = सुमारे ४० मीटर

आता समजा, २० मीटरवर एक मूल रस्त्यात आले. पहिली गाडी त्याच्या अलीकडे ६ मीटरवर थांबेल. दुसरी गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच १६.७ मीटर पुढे गेलेली असेल. उरलेल्या ३.३ मीटरमध्ये तिचा वेग जेमतेम ताशी ५५ कि.मी.पर्यंत उतरेल आणि त्याच वेगाने ती मुलावर आदळेल.

तरुणांचे हात चपळ असतात, हे खरे. पण तो एक सेकंद धोका ‘दिसल्यावर’ सुरू होतो. ट्रॉलीआडून कोणी येईल, हे आधीच ओळखण्याची नजर सरावानेच येते. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ साली परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आणली. तीत नवशिक्याने रात्री उशिरा किंवा सोबती घेऊन एकट्याच्या जबाबदारीवर गाडी चालवण्यास मनाई असते.

आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार (१९८८) गाडी चालवण्यास १८ वर्षे पूर्ण हवीत. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी १६ वर्षे पुरतात, पण शिकाऊ परवान्याला पालकांची लेखी संमती लागते. १९७२ साली आलेली लुना या मर्यादेत बसे. आजच्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असल्याने त्यांना ही सवलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास, तो आपल्या नकळत घडला हे सिद्ध न करू शकणाऱ्या पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही.

विम्याचे गणितही असेच आहे. ज्या गटात अपघात अधिक, त्याचा हप्ता अधिक. म्हणून अमेरिकेत अनेक कंपन्या तरुण चालकांकडून जास्त हप्ता घेतात आणि वाहनशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना थोडी सूट देतात. आपल्याकडे दुसऱ्याच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार गाडीच्या प्रकारानुसार ठरवते, चालकाचे शिक्षण पाहून नव्हे. स्वतःच्या गाडीच्या विम्यात मात्र वर्षभर भरपाई न मागितल्यास २० टक्के आणि सलग पाच वर्षे न मागितल्यास ५० टक्के सूट मिळते.

परवाना नसलेल्या मुलाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. अशा वेळी पिकाचे पैसेच काय, जमीनही पणाला लागते.

करून पाहा: मित्राला ३० सेंमीची पट्टी उभी धरून अचानक सोडायला सांगा आणि ती चिमटीत पकडा. पट्टी २० सेंमी घसरली, तर तुम्हाला ०.२ सेकंद लागला. हा काळ तयारीत बसलेल्या माणसाचा आहे. रस्त्यावर धोका ओळखायचा असतो, निर्णय घ्यायचा असतो, मग ब्रेक दाबायचा असतो. म्हणून आपण १ सेकंद धरला.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. ओल्या रस्त्यावर ऋण त्वरण निम्मे झाले, तर ताशी ६० कि.मी. वेगाची गाडी किती मीटरवर थांबेल?