बोट लागू नये म्हणून : जहाजातील केबिनची निवड



आपले बालाघाट समुद्रापासून फार दूर. आपल्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा, आणि हेलकावे म्हणजे बैहरच्या घाटातली बस. तरीही ह्या अंकात आम्ही जहाजावरचा एक पाठ देत आहोत, त्याला कारण आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपल्या समाजातील एक पालक कार्यालयात आले. घरी म्हातारी आई, पत्नी आणि दोन मुले. मुंबईहून निघणाऱ्या पर्यटन जहाजाचे तिकीट काढायचे होते. त्यांच्या हातात जहाजाच्या मजल्यांचा नकाशा होता व त्यावर शेकडो बारीक चौकोन. "सर, ह्यातला कुठला घ्यावा?" एवढाच त्यांचा प्रश्न.

प्रश्न लहान वाटतो. पण वर्षभर साठवलेला पैसा, म्हाताऱ्या माणसाची झोप आणि मुलांची तब्येत त्याच्याशी बांधलेली आहे. आम्ही स्वतः ह्या प्रश्नात एकदा नापास झालो आहोत, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

आमची चूक

आमच्या आईचे माहेर रत्नागिरीचे. लग्न होऊन ती बालाघाटला आली तेव्हा रत्नागिरीहून मुंबईपर्यंत आगबोटीने, पुढे रेल्वेने गोंदियाला आणि तिथून छोट्या लाइनच्या गाडीने इकडे. त्यानंतर वर्षानुवर्षे तिने समुद्र पाहिला नव्हता. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की आईला एकदा जहाजातून न्यायचे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'जी मिचलाना' आम्हाला ठाऊक होते, पण 'बोट लागणे' हा शब्द आईकडूनच ऐकला. तिकीट काढताना ती एवढेच म्हणाली, "मधली जागा बघ हो. आमचे अण्णा आगबोटीवर पोचले की धावत जाऊन मधेच वळकटी टाकीत."

आम्ही हसलो. आता का वळकटी टाकायची आहे? आम्ही वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची केबिन घेतली. मोठी खिडकी, समोर समुद्र, आणि भाडेही जास्त. रात्री वारा वाढला. केबिन झोपाळ्यासारखी वर-खाली होऊ लागली. डोक्यावरच्या मजल्यावर नाचगाण्याचे सभागृह होते. तिथल्या खुर्च्या मध्यरात्रीनंतरही सरकत होत्या. धाकट्या मुलीला उलट्या झाल्या. आई पलंगाची कड धरून रात्रभर बसून राहिली. सकाळी समुद्र शांत झाला, सूर्य वर आला, पण तिच्यात उठून पाहण्याचे त्राण नव्हते. पुढे तिच्यासाठी तसा योग पुन्हा आला नाही. दोष जहाजाचा नव्हता, निवड आमची होती. अण्णांनी ओळखलेली गोष्ट आम्ही पदव्या घेऊनही ओळखली नाही.

कोकणची आगबोट

मुंबई ते रत्नागिरी, मालवण, पणजी अशी आगबोटीची वाहतूक पिढ्यान् पिढ्या चालली. बहुतेक प्रवासी डेकवर अंथरूण पसरून झोपत. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे, लहान पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. डेकवर जागा ज्याची त्याने धरायची, म्हणून अनुभवी माणूस मधली जागा धरी.

त्या वाहतुकीचा आणखी एक धडा आहे. पावसाळ्यात ती बंद राही. चांगली केबिन निवडण्याआधी चांगला महिना निवडावा, हे त्यातून शिकावे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बहुधा शांत असतो.

इथे एक फरकही समजून घ्यावा. केबिन स्थिर वाटणे वेगळे आणि जहाज सुरक्षित असणे वेगळे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या धक्क्याने घाबरून लोक एका बाजूला धावले आणि बोट आणखी कलली, असे सांगतात. आजची जहाजे फार मोठी आहेत. मुंबईहून २०२१ पासून सफरी करू लागलेले 'एम्प्रेस' हे पर्यटन जहाज १९९० साली बांधलेले असून सुमारे २११ मीटर लांब आहे. तरी जहाज सुटताना जीवरक्षक जाकिटाची व जमण्याच्या जागेची जी कवायत घेतात, ती कोणीही चुकवू नये.

जहाज कसे हलते?

वर्ग ९ वी व १० वीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. जहाजाच्या मुख्य हालचाली तीन.

१. पुढचे टोक वर, मागचे खाली, मग उलट. ही बागेतल्या सी-सॉची हालचाल.
२. डावीकडे व उजवीकडे कलणे. ही पाळण्याची हालचाल.
३. सगळे जहाज एकदम वर उचलले जाणे व खाली येणे.

तिसरी हालचाल सगळ्या केबिनना जवळजवळ सारखीच भोगावी लागते. पहिल्या दोन मात्र जागेवर अवलंबून असतात. सी-सॉच्या टोकावरचे मूल उंच जाते, मधल्या टेकूजवळ उभे असलेले मूल जागचे फारसे हलत नाही. जहाजाचा टेकू साधारण मध्याजवळ, बहुधा किंचित मागे असतो.

थोडे गणित करू. जहाज २ अंशांनी पुढे-मागे डोलले असे धरा. साइन २ अंश म्हणजे सुमारे ०.०३५. टेकूपासून १०० मीटर पुढे असलेली केबिन १०० × ०.०३५ म्हणजे ३.५ मीटर वर उचलली जाईल, आणि मग तितकीच खाली जाईल. टेकूपासून २० मीटरवरची केबिन फक्त ०.७ मीटर. समुद्र एकच, जहाज एकच, पण त्रास पाचपट.

तसेच बाजूला कलण्याचे. ५ अंशांचा साइन सुमारे ०.०८७. जहाज ज्या अक्षाभोवती कलते त्याच्या २५ मीटर वर असलेली केबिन बाजूला सुमारे २.२ मीटर सरकेल, ५ मीटर वरची अर्ध्या मीटरहूनही कमी. म्हणून खालचा मजला चांगला. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे पंख असतात. ते बाजूला कलणे पुष्कळ कमी करतात, पण पुढे-मागे डोलणे थांबवू शकत नाहीत. त्याला उपाय एकच, मधली जागा.

हे नियम आपण रोज वापरतो. घाटात बसच्या मागच्या सीटवर कोणी बसू इच्छित नाही, कारण ती मागच्या चाकांच्याही मागे असते. रेल्वेच्या ७२ बर्थच्या शयनयान डब्यात चाके दोन्ही टोकांखाली असतात आणि दारे, संडासही तिथेच. म्हणून ३३ ते ४० क्रमांकाच्या बर्थवर धक्केही कमी आणि वर्दळही कमी.

बेसेमरसाहेबांचा प्रयोग

पोलाद तयार करण्याच्या पद्धतीमुळे हेन्री बेसेमर हे नाव प्रसिद्ध आहे. त्या पद्धतीने चांगले पोलाद मिळण्यासाठी मँगनीजची मदत लागली. आपल्या भरवेलीच्या खाणीतून निघते तेच हे मँगनीज. ह्या बेसेमरसाहेबांना बोट फार लागायची. पैशाची कमतरता नव्हती. त्यांनी असे जहाज बांधवले की ज्यात प्रवाशांचे दालन टांगलेले असेल आणि बाहेरचे जहाज हलले तरी ते समतल राहील. १८७५ साली ते जहाज इंग्लंडहून फ्रान्सकडे निघाले आणि कॅले बंदराच्या धक्क्याला जाऊन धडकले. टांगते दालन तिथेच संपले. समुद्राला थांबवणे पैशाने जमले नाही. पण कमी हलणारी जागा निवडणे कोणालाही जमते, आणि बहुतेक वेळा ती महागही नसते.

बोट का लागते?

आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर हलते आहे हे त्या मेंदूला कळवतात. बंद खोलीत डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे. दोन साक्षीदार उलट बोलू लागले की मळमळ सुरू होते. क्षितिजाकडे पाहिले की डोळे व कान एकमत होतात. म्हणून त्रास होऊ लागला तर पुस्तक व मोबाइल बाजूला ठेवून मधल्या भागातील उघड्या डेकवर जावे आणि दूर पाहावे. पोट अगदी रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. मुलांना व वृद्धांना औषध द्यायचे असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नकाशा कसा वाचावा?

त्या पालकांबरोबर आम्ही नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने एकेक चौकोन खोडत गेलो. तीच रीत इथे देतो.

पहिले, पुढचा एक तृतीयांश व मागचा एक तृतीयांश भाग खोडावा. पुढे लाटांचे तडाखे व नांगराच्या साखळीचा खडखडाट, मागे यंत्रांची व पंख्याची थरथर.

दुसरे, उरलेल्या भागात खालचे मजले पाहावे. मात्र खाली यंत्रघर लागून असेल तर एक मजला वर यावे.

तिसरे, आपल्या मजल्याच्या वरचा व खालचा नकाशा एकावर एक धरून उजेडात पाहावा. वरही केबिन आणि खालीही केबिन, तर शांतता. वर स्वयंपाकघर, पोहण्याचा तलाव वा नाचाचे सभागृह असेल तर झोप मिळणार नाही. हीच पायरी आम्ही चुकलो होतो.

चौथे, नकाशावर क्रमांक नसलेली कोरी जागा दिसली तर सावध राहावे. तिथे बहुधा नोकरांची कोठी असते व ढकलगाड्या फिरतात.

पाचवे, लिफ्ट व जिन्याला लागून असलेली केबिन टाळावी. पण घरात म्हातारे माणूस असेल तर फार लांबही नको. पाच-सहा दारे सोडून घ्यावी.

सहावे, दोन केबिनमध्ये आतून दार असते तशा जोडखोल्या असतात. दोन्ही आपल्याच असतील तर कुटुंबाला फार सोयीच्या. एकच आपली असेल तर त्या दारातून शेजाऱ्यांचे सगळे बोलणे ऐकू येते.

सातवे, 'क्रमांक कंपनी ठरवील' अशी सवलतीची तिकिटे असतात. तरुण मित्रमंडळींना ती ठीक. म्हातारी माणसे व मुले बरोबर असतील तर क्रमांक आपणच ठरवावा.

खिडकीचे काय? आतल्या बाजूची केबिन स्वस्त असते, पण तिथून क्षितिज दिसत नाही. बोट लागणाऱ्या माणसासाठी खालच्या मजल्यावरची, मध्यावरची, साध्या खिडकीची केबिन हा चांगला मध्यम मार्ग. फक्त खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, ते विचारून घ्यावे. मुलांसाठी भिंतीतून उघडणारे वरचे बर्थ असतील तर किती वयाच्या मुलाला ते चालतात, हेही आधी विचारावे.

शेवटी

ते पालक प्रवास करून आले. बाल्कनीची महाग केबिन त्यांनी घेतली नाही. वाचलेल्या पैशांत त्यांना आतून दार असलेल्या दोन साध्या केबिन मिळाल्या. आजी रात्री झोपल्या आणि पहाटे नातवाचा हात धरून डेकवर गेल्या, असे त्यांनी सांगितले. ऐकून आम्हाला बरे वाटले आणि थोडे वाईटही.

विद्यार्थ्यांनो, उंच जागा, पुढची जागा आणि महाग जागा म्हणजे उत्तम जागा, असे आपण सहज धरून चालतो. आधी विचारावे की कोणासाठी घेत आहोत. आणि घरातील म्हातारे माणूस दोन शब्द सांगत असेल तर हसण्यापूर्वी ते वहीत लिहून घ्यावे.

स्वाध्याय

१. जहाज ३ अंशांनी पुढे-मागे डोलते आहे. साइन ३ अंश सुमारे ०.०५२ धरून टेकूपासून ८० मीटर व १० मीटर अंतरावरील केबिन किती वर उचलल्या जातील ते काढा.
२. शाळेच्या इमारतीचा नकाशा काढून वाचनासाठी सर्वांत शांत खोली कोणती ते कारणासह लिहा.
३. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या सर्वांत लांबच्या प्रवासाविषयी विचारा. त्यांनी वापरलेले, तुम्हाला नवे वाटणारे पाच मराठी शब्द लिहून आणा.