गिऱ्हाईक ‘नावं ठेवतं’ म्हणजे नेमकं काय करतं?



आजचा धडा एका क्रियापदाचा आहे. तुम्ही म्हणाल, सर, धंद्याच्या वर्गात व्याकरण कुठून आलं? पण हे क्रियापद नीट न समजल्यामुळे मी स्वतः गिऱ्हाईक घालवलंय. ते क्रियापद म्हणजे ‘नावं ठेवणे’.

आधी माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी घरगुती कांदा-लसूण चटणी विकायचो. एक काकू दर महिन्याला किलोभर न्यायच्या. एकदा आल्या आणि म्हणाल्या, “काय रे ही चटणी! गेल्या येळची बरी होती की.” मी लगेच तोंड उघडलं, “काकू, दुसरं कुणी नावं ठेवत नाही, तुम्हीच ठेवताय.” काकू गप्प बसल्या आणि गेल्या, त्या परत आल्या नाहीत. हळूहळू त्यांच्या गल्लीतली आणखी चार घरं बंद झाली. नंतर हिशेबाची वही चाळताना लक्षात आलं, ब्याडगी मिरची महागली म्हणून त्या खेपेला मी ती कमी घातली होती. चटणी तिखट होती, पण रश्श्याला रंग येत नव्हता. काकूंचं बरोबर होतं. मी विचारलंच नाही!

आता अर्थ बघू

‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे. बारशाला बाळाचं नाव ठेवतात, तुम्ही दुकानाचं नाव ठेवता. ‘नावं ठेवणे’ म्हणजे दोष काढणे, नापसंती बोलून दाखवणे. फरक एका अनुस्वाराचा. बोलताना आपल्याकडे “लोक नाव ठेवतील” असं एकवचनातही म्हणतात, पण लिहिताना अनुस्वार विसरू नका.

दुसरी खूण विभक्तीची. “दुकानाचं नाव ठेवलं” म्हणजे पाटी लागली. “दुकानाला नावं ठेवली” म्हणजे पाटीची लाज निघाली. ज्याचा दोष काढायचा त्याला ‘ला’ लागतो: मालाला, भावाला, पॅकिंगला.

तिसरी खूण भूतकाळाची. बोलणारा पुरुष असो की बाई, ‘ठेवली’ हेच रूप येतं, कारण क्रियापद ‘नावं’ या शब्दाप्रमाणे चालतं. काकांनी नावं ठेवली, काकूंनीही नावं ठेवली.

जवळचे शब्द, पण सारखे नाहीत

१. नाक मुरडणे: माणूस बोलत नाही, फक्त चेहरा करतो. माल हातात घेऊन परत ठेवतो.

२. नावं ठेवणे: बोलतो, पण नेमकं काय बिघडलंय ते सांगेलच असं नाही. बऱ्याचदा तुमच्या मागं, चार लोकांत बोलतो.

३. तक्रार करणे: जो दुरुस्त करू शकतो त्याच्याकडे जाऊन सांगतो. त्याला उपाय हवा असतो.

४. हरकत घेणे: अमुक गोष्ट मान्य नाही असं कारणासह, शक्यतो लेखी कळवतो.

चप्पल लाईनीतलं उदाहरण घ्या. “कसली चप्पल दिली ही!” हे नावं ठेवणं. यावर कारागीर काय करणार? “अंगठ्याजवळ चावते” ही तक्रार. यावर तो तेल लावून देईल, पट्टा सैल करून देईल. गिऱ्हाईक तेच, चप्पल तीच. दुसऱ्या वाक्यात मात्र दुरुस्त करायची जागा सापडते. म्हणून धंदेवाल्याचं काम एकच: नावं ठेवणाऱ्याला तक्रारीपर्यंत आणायचं. त्यासाठी तीन शब्द पुरतात: “नेमकं काय खटकलं?”

कोल्हापूरचंच मोठं उदाहरण

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. माहितीत त्या नुसत्या चामडी सँडल म्हणून होत्या, कोल्हापूरचं नाव कुठं नव्हतं. लोकांनी मोबाईलवरून कंपनीला भरपूर नावं ठेवली. राग खराच होता. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर आठवड्यात सगळं विसरलं गेलं असतं.

तसं झालं नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चरनं कंपनीला पत्र लिहून हरकत घेतली. हरकतीला आधार होता: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी आहे. कंपनीनं उत्तर देऊन भारतीय पारंपरिक हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. जुलैमध्ये तिचं पथक कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर या दोघांशी करार झाला.

कारागिराच्या हातात शेवटी किती पडतं, हे यापुढंही बघत राहावं लागेल. पण आपल्या धड्यापुरतं एवढं लक्षात घ्या: लोकांच्या नावं ठेवण्यानं आवाज झाला, नेमक्या हरकतीनं बोलणी सुरू झाली. दोन्ही लागलं.

वापरताना तीन पथ्यं

एक, गिऱ्हाइकाला “नावं ठेवू नका” असं कधीच म्हणू नका. या शब्दात त्याच्यावरच आरोप आहे, माझ्यासारखं गिऱ्हाईक जाईल. पत्रात किंवा मेसेजमध्ये लिहायचं असेल तर “आपण मालाबद्दल नापसंती कळवलीत, त्याबद्दल आभारी आहोत” असं लिहा.

दोन, शेजारच्या दुकानाला तुम्ही स्वतः नावं ठेवू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या हा माझ्याबद्दलही असंच बोलेल.

तीन, घाऊक व्यापाऱ्याचा माल खराब आला तर चहाच्या टपरीवर त्याला नावं ठेवण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी बिलाचा नंबर, नगांची संख्या आणि फोटो लावून तक्रार पाठवा.

आजचा गृहपाठ

वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे गेल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी ठेवलेली नावं त्यांच्याच शब्दांत लिहा, गोड करून नको. उजवीकडे त्यामागची नेमकी तक्रार लिहा. जिथं उजवा रकाना रिकामा राहील, त्या गिऱ्हाइकाला आजच फोन करा आणि विचारा, “नेमकं काय खटकलं?”

मला त्या काकूंना हा फोन करायला दोन वर्षं लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका.

भेटू पुढच्या धड्यात!