हालचालींचे मोजमाप आणि स्पर्शाचे खेळ

आभासी वास्तवातील व्यायामखेळांविषयी आपल्या वसतिगृहातील मुले अलीकडे वारंवार विचारतात. खेळाडू डोळ्यांवर हेडसेट चढवितो, हातांत नियंत्रक धरतो, क्वचित मांडीला सेन्सरचा पट्टा बांधतो आणि प्रत्यक्षात नसलेला चेंडू टोलवितो. त्याचा हात कुठे वळला, किती वेगाने वळला, हे यंत्राला कसे कळते?

सेन्सरमध्ये मुख्यतः दोन साधने असतात. त्वरणमापी वेगातील बदल मोजतो. परंतु स्थिर असतानाही तो शून्य दाखवीत नाही. गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे ९.८ हा आकडा दाखवितो आणि त्यावरूनच त्याला 'खाली' कोणती दिशा, हे समजते. गवंड्याचा ओळंबा हेच काम करतो. दुसरे साधन जायरोस्कोप. ते वळण्याचा वेग मोजते. त्या वेगाची क्षणोक्षणी बेरीज केली की कोन मिळतो; मात्र प्रत्येक क्षणाची बारीक चूकही त्या बेरजेत साठत जाते आणि थोड्या वेळाने यंत्राचा अंदाज भरकटतो. तेव्हा ओळंब्याच्या साक्षीने तो सावरावा लागतो. ही दोन्ही साधने बहुतेक स्मार्टफोनमध्ये असतात. फोन मांडीला घट्ट बांधून बैठका काढल्या, तर अर्धवट काढलेली बैठक आलेखात तत्काळ उघडी पडते.

मोजमापाचे मोल आपल्या समाजाला निराळे सांगावे लागत नाही. ज्यांची गुणवत्ता पिढ्यान्‌पिढ्या न मोजताच नाकारली गेली, त्यांचेच आपण वारस आहोत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलले आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. माप असे कठोर असते. पण ते कोणाचे कूळ विचारीत नाही.

तथापि सेन्सर जिथे बांधला, तेवढेच तो जाणतो. २००६ साली आलेल्या निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्रावर टेनिस खेळताना खुर्चीत बसून नुसते मनगट झटकले तरी फटका बसतो, हे खेळणाऱ्यांनी लवकरच हेरले. (लबाडीत विद्यार्थी यंत्राच्या नेहमीच एक पाऊल पुढे असतात!)

याहून मोठी उणीव स्पर्शाची आहे. कबड्डीत गुण मिळतो तो स्पर्शाने. खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात पडल्यावाचून तो उठत नाही. कुस्ती तर अंगाला अंग भिडूनच होते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही याच विद्येत. आणि ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव शाळेच्या पटावर चढले, तिथेच त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. ते गोणपाट शाळेचा झाडूवालाही शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे. हेडसेट खेळाडूभोवती एक रिंगण आखतो आणि त्यात दुसऱ्या कोणी येऊ नये, अशी अपेक्षा असते. टक्कर टाळण्यासाठी ते योग्यच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते रिंगण पाहून ते गोणपाट आठवल्यावाचून राहत नाही.

म्हणून अशा खेळांना संध्याकाळच्या मैदानाचा तास देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारातून उठलेल्याला किंवा मैदानावर जाऊ न शकणाऱ्याला ते जरूर द्यावेत. विज्ञानाच्या तासाला फोन आणि बैठकांचा प्रयोग अवश्य करावा. सतिपट्ठान सुत्तातील कायानुपस्सनेत चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही अवस्था सजगपणे जाणण्यास सांगितले आहे. त्यास अनुसरून विद्यार्थ्याने डोळे मिटून बैठक काढावी, आपली मांडी किती खाली गेली ते आधी वहीत लिहावे आणि मगच आलेख उघडावा.