अक्कादेवीच्या पायथ्याचे गाव

नवी मुंबईच्या दक्षिणेस, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, चिरनेर नावाचे एक गाव आहे. गव्हाण फाट्यावरून दिघोड्याकडे वळणाऱ्या रस्त्याने तेथे जाता येते. आरंभी काही अंतरापर्यंत न्हावाशेवा बंदराकडे माल वाहून नेणाऱ्या अवजड गाड्यांचा घरघराट कानांवर येत राहतो. पुढे भातखाचरे दिसू लागतात, बांधावरची झाडे दिसू लागतात आणि समोर डोंगराची निळसर रेघ उभी राहते. त्या डोंगराच्या पायथ्याशी चिरनेर वसले आहे. डोंगराच्या ज्या भागावर अक्कादेवीचे स्थान आहे, तो भाग तिच्याच नावाने ओळखला जातो.

गाव पाहू जाता ते कोकणातील इतर गावांसारखेच आहे. महागणपतीचे देऊळ हे त्याचे भूषण. संकष्टीच्या आणि चतुर्थीच्या दिवशी दूरदूरचे भाविक येथे दर्शनाला येतात. गावात कुंभारांची वस्ती असून येथील मातीची भांडी पंचक्रोशीत नावाजलेली आहेत. गावाबाहेर, डोंगराच्या उतारावर, कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. आगरी, कोळी, कुंभार, कातकरी अशा अनेक समाजांचे लोक या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या आधाराने राहत आले आहेत.

गाव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. गावाची खरी सीमा त्याच्या शेवटच्या घरापाशी संपत नाही. गावाला ज्या ज्या भूमीचा आधार असतो, ती सारी भूमी त्या गावातच मोडते. चिरनेर आणि त्याच्या आसपासच्या गावांना असे तीन आधार आहेत : डोंगर, शेत आणि खाडी. हे तिन्ही एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, हे समजल्यावाचून या गावांचा इतिहासही समजत नाही.

प्रथम शेताकडे पाहू. येथील मुख्य पीक भाताचे. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच शेतकऱ्याचे काम सुरू होते. भाताचे बी जेथे पेरावयाचे, त्या जागेवर शेण, झाडांच्या लहान फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून त्यांवर माती पसरतात व ते सारे भाजून काढतात. याला 'राब' म्हणतात. राब भाजल्याने जमिनीतील तणाचे बी जळून जाते आणि राखेचे खत मातीत मिसळते. मग त्या जागेवर बी पेरतात, रोपे वीतभर वाढली की ती उपटून चिखलात लावतात. याप्रमाणे ताटात वाढलेल्या भाताच्या प्रत्येक घासाला डोंगरावरील ऐन-किंजळाच्या फांदीचा हातभार लागलेला असे. भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल येतो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

आता खाडीकडे वळू. डोंगरापासून दूर, खोपट्यासारखी गावे खाडीच्या काठी आहेत. तेथे भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घालावे लागतात. बांधाला ठिकठिकाणी पाण्यासाठी दारे ठेवलेली असतात. त्यांना 'उघाडी' असे म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देऊ लागले की उघाडीची झडप आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी तिला आतून ढकलून बाहेर पडते. हॉलंड देशातील लोकांनी समुद्र हटवून शेते केली, याचे वर्णन जगभर होते. परंतु आपल्या कोकणच्या शेतकऱ्यानेही माती, दगड आणि लाकूड एवढ्याच साधनांनी तीच विद्या साधली आहे. अशा जमिनीला खारजमीन म्हणतात. खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती शोधण्याचे काम पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रात झाले असून 'पनवेल-१', 'पनवेल-२' या नावांनी त्या जाती शेतकऱ्यांना ठाऊक आहेत.

मात्र बांध एकट्या शेतकऱ्याचा कधीच नसतो. एका ठिकाणी भगदाड पडले, तर खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात पसरते आणि पुढे काही वर्षे ती जमीन नीट पिकत नाही. म्हणून भगदाड बुजविण्यास साऱ्या गावाला धावावे लागते. उघाडीच्या झडपेला लाकूड हवे, मासेमारीच्या होडीला लाकूड हवे, घराच्या आढ्याला आणि नांगराच्या इसाडालाही लाकूडच हवे. हे लाकूड मिळे ते डोंगरावरून. त्यामुळे खाडीकाठच्या माणसालाही डोंगर परका नव्हता.

आणि डोंगर ? तो तर साऱ्यांचाच पोशिंदा. गुरांना चारा, चुलीला सरपण, राबाला पाला, कुंभाराच्या भट्टीला जळण, कातकऱ्याला कंदमुळे, मध आणि खैराचा कात, हे सारे तोच देत असे. थंडीच्या दिवसांत या भागात 'पोपटी' करतात. त्या एका पदार्थात सारा परिसर एकत्र आलेला दिसतो. कुंभाराने घडविलेल्या मडक्यात रानातील भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा, त्यात शेतातील वालाच्या शेंगा, मिठागरातील मीठ व ओवा घालावयाचा, वरून पुन्हा पाला कोंबून मडके उपडे ठेवावयाचे आणि भोवती पेंढा व काटक्या रचून पेटवून द्यावयाचे. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. डोंगर, शेत आणि खाडी ही जणू एकाच मडक्यात नांदतात.

हा जुना मेळ इंग्रजी अमदानीत बिघडला. सरकारने जंगले राखीव केली आणि त्यांवर आपला ताबा बसविला. इ. स. १९२७ मध्ये जंगलाचा नवा कायदा झाला आणि सरकारचे हे अधिकार अधिक पक्के झाले. ज्या डोंगरावरून आजोबा-पणजोबांनी पाला आणला, त्याच डोंगरावर फांदी तोडणे हा आता गुन्हा ठरू लागला. गुरे चरावयास गेली तर दंड, मोळी आणली तर खटला. कायद्याच्या पुस्तकात तो केवळ झाडांचा प्रश्न होता. गावाच्या दृष्टीने तो राबाचा, म्हणजेच भाताचा, म्हणजेच पोटाचा प्रश्न होता.

इ. स. १९३० च्या मार्च महिन्यात महात्मा गांधींनी दांडीयात्रा काढली आणि ६ एप्रिल रोजी मिठाचा कायदा मोडला. समुद्रकाठच्या लोकांनी ठिकठिकाणी मीठ उचलले. परंतु ज्यांच्या गावाजवळ समुद्र नाही, त्यांनी काय करावे ? त्यांनी जंगलाचा कायदा मोडण्याचे ठरविले. विदर्भात पुसद येथे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली गवत कापून हा सत्याग्रह झाला. पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्याचे लोण पसरले आणि ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरपर्यंत येऊन पोहोचले. या भूमीला स्वातंत्र्याच्या लढ्याची ओळख नवी नव्हती. क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ज्या शिरढोण गावी १८४५ साली झाला, ते गाव याच परिसरात, पनवेल तालुक्यात आहे.

२५ सप्टेंबर १९३० हा दिवस सत्याग्रहासाठी ठरला. त्या दिवशी चिरनेर आणि आसपासच्या गावांतून लोकांचे जथे अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. फांद्या तोडावयाच्या म्हणून हातांत कोयते होते आणि मुखी 'वंदे मातरम्' होते. डोंगरावर पोलिसांनी सत्याग्रहींना अटकाव केला. पुढे गोळीबार सुरू झाला. त्यात आठ सत्याग्रही प्राणास मुकले आणि अनेक जण जखमी झाले. त्या गोंधळात सरकारी नोकरांपैकीही काही जणांचा अंत झाला. त्यांत पनवेलचे मामलेदार जोशी हे एक होते. त्यानंतर गावोगाव धरपकड झाली, अनेकांवर खटले भरले गेले आणि कित्येक घरांतील कर्ती माणसे तुरुंगात गेली. महागणपतीच्या देवळात गजावर गोळीची एक खूण आहे. ती गावकरी आजही पाहुण्यांना दाखवितात.

त्या आठ हुतात्म्यांची नावे केवळ पाठ करण्यासाठी नाहीत. ती लक्षपूर्वक वाचण्यासाठी आहेत. धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी हे दोघे चिरनेरचे. रामा बामा कोळी मोठ्या जुईचे, तर आनंदा माया पाटील धाकट्या जुईचे. रघुनाथ मोरेश्वर न्हावी कोप्रोलीचे, परशुराम रामा पाटील पाणदिव्याचे, आलू बेमट्या म्हात्रे दिघोड्याचे आणि हसुराम बुधाजी खोपट्याचे. माणसे आठ, गावे सात. ही सात गावे कागदावर मांडली, तर डोंगरापासून खाडीपर्यंतच्या साऱ्या परिसराचा नकाशाच तयार होतो. नावांत कोळी आहे, कातकरी आहे, न्हावी आहे, पाटील आणि म्हात्रे आहेत. खोपट्याच्या खाडीकाठचा माणूस डोंगरावरील झाडासाठी प्राण देण्यास का गेला, असा प्रश्न एखाद्या परक्याला पडेल. चिरनेरच्या परिसरात वाढलेल्याला तो पडणार नाही. डोंगर एका गावाचा नसून सर्वांचा आहे, हे त्यांना कोणी शाळेत शिकविले नव्हते. बांध फुटला की सर्वांनी धावावयाचे, हा त्यांचा नित्याचा धडा होता. त्या दिवशी डोंगरावरचा बांध फुटला होता, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. चिरनेर येथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. दरवर्षी २५ सप्टेंबर रोजी तेथे लोक जमतात आणि पोलीस दलाची तुकडी हुतात्म्यांना मानवंदना देते. ज्यांच्यावर परक्या सत्तेच्या पोलिसांनी बंदुका रोखल्या, त्यांनाच स्वतंत्र देशाचे पोलीस वंदन करतात. वनात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा मात्र देशात २००६ साली झाला. तेव्हा नवश्या कातकऱ्याला जाऊन शहात्तर वर्षे लोटली होती.

याच काळात खाडीच्या पलीकडची मुंबई अलीकडे सरकू लागली. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या भूमीवर नवे शहर उभारण्याचे काम सुरू झाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना लढावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. घेतलेल्या जमिनीच्या काही भागाइतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यावा, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे रुजले. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून समुद्रावरून थेट उरण तालुक्यात उतरणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात आणखी एक नवे नगर वसविण्याची योजना शासनाने पुढे आणली. त्या नगराच्या नावात कर्नाळा, साई आणि चिरनेर या तिन्ही नावांचा समावेश आहे. तिला अनेक शेतकऱ्यांनी हरकतीही घेतल्या आहेत.

शहर येणे ही काही केवळ हानीची गोष्ट नव्हे. त्याच्याबरोबर शाळा, रुग्णालये, रस्ते आणि रोजगार येतात. खेड्यातील मुलामुलींना ते हवेही असतात. परंतु शहराच्या नकाशात जमिनीचा तुकडा हा केवळ तुकडा असतो. तेथे डोंगर निराळा, शेत निराळे आणि खाडी निराळी मोजली जाते. डोंगर पोखरला तर पावसाचे पाणी मातीसह खाली धावते. शेत भरावाने उंचावले तर त्या पाण्याला जागा उरत नाही. खाडीचे मुख आक्रसले तर ते बाहेरही पडू शकत नाही. मग ते घरांत शिरते. उघाडीची झडप ज्याने घडविली, त्या निरक्षर शेतकऱ्याला ही गोष्ट पुरती ठाऊक होती.

चिरनेरच्या हुतात्म्यांनी राज्य मागितले नव्हते, धन मागितले नव्हते. ज्या डोंगराच्या आधाराने आपली सात गावे जगतात, तो आपल्यापासून तोडला जाऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. उद्या त्या पायथ्याशी उंच इमारती उभ्या राहतील आणि नव्या नगरात दूरदूरची माणसे राहावयास येतील. तीही मग या परिसराचीच होतील. नगराला चिरनेरचे नाव देणे सोपे आहे; त्या नावामागील डोंगर, शेत आणि खाडी यांचा मेळ राखणे कठीण आहे. ते कठीण काम जे पार पाडतील, त्यांनाच त्या आठ जणांचे खरे वारसदार म्हणता येईल.

स्वाध्याय

१. राब भाजल्याने शेतीला कोणते लाभ होतात ?
२. उघाडीची झडप भरती-ओहोटीच्या वेळी कसे काम करते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. खाडीकाठच्या गावांतील लोक डोंगरावरील सत्याग्रहात का सामील झाले ?
४. 'माणसे आठ, गावे सात' या वाक्यातून लेखकाने काय सुचविले आहे ?
५. आपल्या गावाला अथवा वस्तीला पाणी, अन्न व इंधन कोठून मिळते, याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि त्या परिसराचा नकाशा काढा.